एका अक्षराचे वाचन

गोंदिया शहरापासून थोड्याच अंतरावर नागरा हे गाव आहे. तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे ह्या गावाचे नाव सभोवारच्या मुलखात सर्वतोमुखी झाले असून महाशिवरात्रीस तेथे यात्रेकरूंची मोठी दाटी होते. हा सारा प्रदेश धानाचा आणि तलावांचा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निराळा झाला. पण सरकारी नकाशा बदलला तरी धानाच्या बांध्या होत्या तेथेच राहिल्या, आणि कापणीच्या दिवसांत घरोघर निघणारे विळेही तेच राहिले. तिकडच्या बोलीत विळ्याला ‘इळा’ म्हणतात.

ह्याच प्रदेशात आणखी एक विळा आहे. मात्र तो डोळ्यांना दिसत नाही. तो माणसाच्या रक्तात असतो. पूर्व विदर्भात ‘सिकलसेल’ हा इंग्रजी शब्द आज खेड्यापाड्यांतील निरक्षर स्त्रीसही ठाऊक आहे. ‘मुलाचा पॅटर्न एसएस निघाला’ हे वाक्य रुग्णालयाच्या ओसरीवर ज्या मातेच्या कानी पडते, तिला त्यातील अक्षरांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. मुलाच्या हातापायांच्या वेदनांनी तो तिला आधीच सांगितलेला असतो.

ह्या व्याधीचे स्वरूप थोडक्यात असे आहे. रक्तातील तांबडी पेशी स्वभावतः वाटोळी आणि लवचिक असते. तिच्यातील हिमोग्लोबिन हे प्रथिन फुप्फुसांतून प्राणवायू उचलते व तो शरीरभर पोहोचविते. सिकलसेल झालेल्या माणसाच्या रक्तात हे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून देताच एकमेकांस चिकटते, त्याचे ताठ धागे बनतात, आणि वाटोळी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. ज्या अवयवाचा रक्तपुरवठा त्यायोगे तुटतो, तेथे असह्य कळा सुटतात. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही वाकडी पेशी दहावीस दिवसांतच फुटून जाते. म्हणून रोग्याचे अंग नेहमी पांढुरके व थकलेले असते.

एवढ्या मोठ्या यातनेचे मूळ किती लहान असावे? हिमोग्लोबिनाच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांपैकी सहावा दुवा तेवढा बदललेला असतो. आणि तो दुवा कोणता असावा हे ठरविणाऱ्या डीएनएच्या लेखात केवळ एक अक्षर चुकलेले असते. ‘जीएजी’ असे जेथे लिहिलेले असावयास हवे, तेथे ‘जीटीजी’ असे असते. मनुष्याच्या आनुवंशिक ग्रंथात तीन अब्जांहून अधिक अक्षरे आहेत. त्यांतील हे एक अक्षर शोधून काढण्याचा इतिहास पाहू गेले, तर त्यात स्त्रियांचा वाटा जितका मोठा आहे, तितकी त्यांची नावे लोकांच्या ओठी नाहीत असे आढळते.

ह्या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९१० साली शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक ह्यांनी प्रसिद्ध केली. त्यानंतर कित्येक वर्षे एक कोडे उलगडत नव्हते. सिकलसेल जन्मजात आहे म्हणावे, तर नवजात अर्भकाच्या रक्तात विळ्याच्या पेशी फारशा सापडत नाहीत. त्या काही महिन्यांनंतर वाढू लागतात. न्यूयॉर्क येथील बालरोगचिकित्सक जॅनेट वॉटसन ह्यांनी १९४८ साली ह्याचे कारण सुचविले. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन निराळ्या घडणीचे असते व ते वाकत नाही. जोवर ते बालकाच्या रक्तात शिल्लक असते, तोवर त्याला त्याचे कवच मिळते, असा त्यांचा तर्क होता. पुढल्याच वर्षी लिनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रोग हिमोग्लोबिनाच्या रेणूतील फरकामुळे होतो हे सिद्ध केले, आणि वैद्यकात ‘रेणूचा रोग’ ही कल्पना प्रथम रूढ झाली. पॉलिंग ह्यांचे नाव जगभर झाले. वॉटसनबाईंचा तर्क मात्र पाठ्यपुस्तकातील एखाद्या ओळीत राहिला. पण त्याच तर्काच्या पायावर पुढे पाऊणशे वर्षांनी उपचाराची इमारत उभी राहावयाची होती.

तोपर्यंत ही व्याधी आफ्रिका खंडातील व तेथून अमेरिकेत नेलेल्या लोकांचीच आहे, असा पाश्चात्त्य विद्वानांचा समज होता. हा समज १९५२ साली ढासळला. त्या वर्षी हर्मन लेहमान व मारी कटबुश ह्या दोघांनी निलगिरीच्या परिसरातील आदिवासींच्या रक्तात सिकल पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. कटबुश ह्या मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या. ‘डफी’ ह्या नावाने ओळखला जाणारा रक्तगट १९५० साली ज्यांनी उजेडात आणला, त्यांत त्या होत्या. हिंदुस्थानात रोग नवा आला नव्हता. त्याकडे पाहणारी दृष्टी नवी आली होती. विशेष असे की, त्याच वर्षी मुंबईस डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी ह्यांनी शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे आला, आणि त्या निबंधावरही रूथ सँगर व विनिफ्रेड वॉटकिन्स ह्या दोन विदुषींची नावे होती. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल व सोळंकी ह्या डॉक्टरांनी मध्य हिंदुस्थानातील सिकलसेलचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अशा रीतीने निलगिरीत लागलेला माग सहा वर्षांत विदर्भापर्यंत येऊन पोहोचला.

हे सदोष अक्षर इतक्या पिढ्या टिकून का राहिले, ह्याचे उत्तर अँथनी अ‍ॅलिसन ह्यांनी १९५४ साली आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दिले. आई व बाप ह्यांपैकी एकाकडूनच ज्याला हे अक्षर मिळते, तो स्वतः आजारी नसतो. त्याला ‘वाहक’ म्हणतात. अशा वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून पुष्कळसे संरक्षण मिळते. तळी, दलदल व दाट जंगल ह्यांनी वेढलेल्या मुलखात हिवताप हाच मोठा काळ होता. त्या काळापासून काहींना वाचविणारे अक्षर इतर काहींना मात्र पीडा देत राहिले. आई व बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रोगी निपजण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, आणि पूर्ण निर्दोष असण्याचा चारांत एक असतो. पहिले मूल रोगी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा ह्याचा अर्थ नव्हे. फासा दर खेपेस नव्याने पडतो.

येथे रक्ताचा प्रश्न समाजरचनेच्या प्रश्नास येऊन मिळतो. आणि ह्या ठिकाणी महाराष्ट्रातील एका थोर विदुषीचे स्मरण होणे क्रमप्राप्त आहे. डॉ. इरावतीबाई कर्वे ह्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीचेच नाव त्यांना ठेवण्यात आले. मुंबईस डॉ. घुर्ये ह्यांच्या हाताखाली पदव्युत्तर अभ्यास करून १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी अण्णासाहेब कर्वे ह्यांनी स्त्रीशिक्षणासाठी उभे आयुष्य वेचले होते. तथापि सुनेच्या ह्या परदेशगमनास त्यांची प्रथम अनुकूलता नव्हती. बर्लिनमध्ये इरावतीबाईंचे मार्गदर्शक युजेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या मताचे. युरोपीयांच्या कवटीची एक बाजू दुसरीहून वेगळी असते व ते त्यांच्या बुद्धिमत्तेचे लक्षण होय, ह्या कल्पनेचा पडताळा पाहण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले, आणि कवटीच्या अशा विषमतेचा वंशाशी काही संबंध नाही असा निष्कर्ष लिहून दिला. परक्या देशात, आपल्याच गुरूच्या मताविरुद्ध, मोजणीत आढळले तेवढेच लिहिणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

१९३९ साली इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. महाराष्ट्रातील जाती म्हणजे कोणा एका मूळ समाजाचे पडलेले तुकडे, ही समजूत त्यांना पटेना. प्रत्येक जात ही आपल्या आपल्यातच लग्ने करणारा एक विस्तारित सोयऱ्यांचा समूह आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कैलाशचंद्र मल्होत्रा ह्यांच्यासमवेत त्यांनी समान दर्जाच्या आठ गटांची शारीरिक मापे व रक्तातील लक्षणे तोलून पाहिली. तो निबंध १९६८ साली प्रसिद्ध झाला. बाहेरून एक दिसणारे गट आतून बरेच निराळे आहेत, असे त्यांना आढळले. त्यांच्यापाशी डीएनए वाचण्याचे साधन नव्हते. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले, त्या वेळी जगात ते कोणापाशीच नव्हते. पण २०१३ साली प्रिया मूरजानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदुस्थानातील ७३ समूहांच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा असे दिसून आले की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या दरम्यान येथील समाज एकमेकांत मिसळत होते व त्यानंतर लग्नाची कुंपणे आवळत गेली. इरावतीबाईंनी मोजपट्टीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने अक्षरांतून मिळू लागले.

ह्या कुंपणाचा सिकलसेलशी असलेला संबंध उघड आहे. जे अक्षर एका सोयरसंबंधाच्या वर्तुळात शिरले, ते त्याच वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहते, आणि दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. गोंड समाजात अशा विवाहास ‘दूध लौटाना’ म्हणतात. तिचे वर्णन करताना कोणत्याही जातीस वा जमातीस दोष लावण्याचे कारण नाही. सिकलसेल ही आदिवासी, अनुसूचित जाती व इतर अनेक समाजांत आढळणारी गोष्ट आहे. ती कोणाच्या आचाराची शिक्षा नव्हे.

अक्षर प्रत्यक्ष वाचण्याच्या कामी पहिले मोठे पाऊल १९७८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे पडले. युएत वाइ कान व आंद्रे डोझी ह्या दोघांनी ते टाकले. डोझी ह्या स्त्री शास्त्रज्ञ होत. डीएनएचा धागा ठराविक ठिकाणीच कापणारे एक द्रव्य वापरून त्यांनी हिमोग्लोबिनाच्या जनुकाभोवतीचा तुकडा वेगळा केला. सामान्यतः हा तुकडा ७,६०० अक्षरांच्या लांबीचा भरे. सिकलच्या जनुकाशेजारी मात्र तो पुष्कळदा १३,००० अक्षरांचा निघे. म्हणजे चुकलेले अक्षर न वाचताही त्याच्या शेजारच्या खुणेवरून ते ओळखता येऊ लागले, आणि गर्भावस्थेतच रोगाचे निदान करण्याची वाट मोकळी झाली. एखाद्या घराण्याच्या डीएनएमधील खुणेवरून रोगाचा माग काढावयाचा, ही जी पद्धत पुढे साऱ्या वैद्यकात पसरली, तिचा आरंभ येथे झाला.

त्याच सुमारास, १९७७ साली, फ्रेडरिक सँगर ह्यांनी डीएनएची अक्षरे ओळीने वाचण्याची सुलभ रीत दिली. परंतु वाचलेली अक्षरे नुसती कागदावर साठवून भागत नाही. त्यांची जुळणी करावी लागते. ही दृष्टी मार्गारेट डेहॉफ ह्या अमेरिकन विदुषीने आधीच दिली होती. १९६५ साली त्यांनी त्या वेळी ज्ञात असलेल्या प्रथिनांच्या क्रमांचा संग्रह छापला, व गणकयंत्राच्या सोयीसाठी प्रत्येक दुव्यास एकेका अक्षराचे नाव दिले. तीच लिपी आज जगभर चालते. मानवी ग्रंथाचा पहिला खर्डा २००१ साली निघाला. पण त्यातील गाळलेल्या जागा भरून संपूर्ण पोथी हाती येण्यास २०२२ साल उजाडले, आणि त्या कार्याच्या धुरीणांतही कॅरेन मीगा ही स्त्री होती.

अक्षरवाचनाने सिकलसेलच्या उगमाविषयीही प्रश्न उभे केले. जनुकाच्या आसपासच्या खुणा पाहता मध्य हिंदुस्थान व अरबस्तानचा पूर्व भाग येथील सिकल एकाच घराण्याचा आहे व तो आफ्रिकेहून स्वतंत्रपणे उद्भवला असावा, असा निबंध १९८६ साली आला. २०१८ साली संपूर्ण डीएनए वाचून केलेल्या अभ्यासात उलट, हे अक्षर जगात एकदाच चुकले व तेथून सर्वत्र गेले असावे, असे प्रतिपादन झाले. हा वाद विद्वानांनी करावा. नागऱ्याच्या परिसरातील रोग्यास त्याहून निकडीचा प्रश्न असतो: येथला सिकलसेल सौम्य की तीव्र?

ह्या प्रश्नाचे उत्तर मुंबई व नागपूर येथील स्त्रियांनी दिले. मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत डॉ. रोशन कोलाह ह्यांनी हिमोग्लोबिनाच्या व्याधींवर अनेक वर्षे काम केले. आदिवासी समाजांतील सिकलसेलचा आढावा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली घेतला. निरनिराळ्या जमातींत वाहकांचे प्रमाण शेकडा १ पासून शेकडा ४० पर्यंत आढळते, असे त्यात नमूद आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन, तसेच दीप्ती उपाध्ये व अनिता नाडकर्णी ह्या संशोधिकांसह त्यांनी सिकल असलेल्या मातांची दोन हजारांहून अधिक नवजात अर्भके तपासली व रोगी बालकांचा पुढे पाठपुरावा केला. तो वृत्तान्त २०१६ साली प्रसिद्ध झाला.

हिंदी-अरबी प्रकारच्या सिकलमध्ये गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुष्कळ शिल्लक राहते, म्हणून तो सौम्य असतो, असे पुस्तकांतून मानले जात असे. वॉटसनबाईंच्या तर्काचेच हे फलित. परंतु विदर्भातील बालकांनी पुस्तकाचे ऐकले नाही. काहींचे रक्त ह्या प्रकारचेच असूनही त्यांना तीव्र वेदना व वारंवार संसर्ग होत होते. आजार सौम्य समजून जर बालकाकडे दुर्लक्ष झाले असते, तर त्याची किंमत त्या घराला मोजावी लागली असती. जन्मतः तपासणी, वेळेवर लस व प्रतिजैविक औषध, आणि नियमित देखरेख ह्यांची आवश्यकता ह्या निरीक्षणांनी दाखवून दिली. डॉ. जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, शरीराच्या दर किलो वजनास १० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत दिलेल्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीनेही तीव्र आजारी बालकांचे वेदनेचे झटके कमी होतात असे आढळले. अल्प मात्रा म्हणजे अल्प खर्च. धानाच्या पिकावर जगणाऱ्या कुटुंबास ह्या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

ह्या कथेचा अलीकडील अध्याय जगभर गाजला आहे. डीएनएतील नेमके ठिकाण शोधून तेथे कात्री चालविण्याची रीत जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पांतिए ह्या दोघींनी २०१२ साली मांडली, व २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघींस मिळाले. ह्या रीतीवर आधारलेल्या पहिल्या उपचारास २०२३ च्या अखेरीस प्रथम ब्रिटनमध्ये व नंतर अमेरिकेत मान्यता मिळाली. आणि तो उपचार सिकलसेलवरचाच होता. त्यात चुकलेले अक्षर दुरुस्त करीत नाहीत. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद करणारी कळ कापून ते पुन्हा सुरू करतात. जॅनेट वॉटसन ह्यांनी अर्भकाच्या रक्तात जे कवच पाहिले होते, ते आता प्रौढ माणसास परत देता येऊ लागले. मात्र अमेरिकेत ह्या उपचाराची किंमत बावीस लक्ष डॉलर ठरविण्यात आली. शास्त्राचे हात जेथवर पोहोचले, तेथवर रोग्याची पावले पोहोचण्यास अजून पुष्कळ अवकाश आहे, हे ह्या एका आकड्यावरून ध्यानी येते.

म्हणूनच आज गोंदियासारख्या जिल्ह्यात खरे काम कात्रीचे नसून वाचनाचे आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची व २०४७ सालापर्यंत हा रोग हटवावयाचा, असा तिचा संकल्प आहे. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या थेंबाने ही तपासणी होते. पण त्या थेंबानंतर जो कागद हाती येतो, त्याचे वाचन घरात कसे होते ह्यावर पुढचे सारे अवलंबून असते. वाहक हा रोगी नव्हे. तो शेत नांगरू शकतो, शाळेत शिकवू शकतो, संसार करू शकतो. त्याने पाहावयाचे ते एवढेच की, आपला जोडीदारही वाहक आहे काय. तरीही ‘एएस’ ही दोन अक्षरे मुलीच्या कागदावर दिसली की तिचे स्थळ मोडावे, आणि मुलाचा कागद कोणी मागूच नये, असा प्रकार जेथे होईल, तेथे शास्त्राने लावलेला दिवा घर उजळण्याऐवजी घर जाळण्याच्या कामी येईल. आई व बाप ह्यांकडून एकेक अक्षर येते. तेव्हा दोष द्यावयाचाच झाला, तर तो एकटीला देता येत नाही.

कवटी मोजून तिच्यात वंशश्रेष्ठत्व सापडले नाही असे इरावतीबाईंनी लिहिले. निलगिरीच्या रक्तात कटबुश ह्यांनी जे पाहिले तेच सांगितले. नागपूरच्या बालकांचा आजार सौम्य नाही हे तेथल्या बाईंनी पुस्तकाविरुद्ध नोंदविले. जे लिहिलेले असेल ते वाचावे आणि वाचले तेच सांगावे, हा ह्या साऱ्याजणींचा समान धर्म दिसतो. नागऱ्याच्या शिवारात धान कापताना हातातला विळा ज्याला नीट धरता येतो, त्याला तो इजा करीत नाही. रक्तातला विळाही ओळखून असला, म्हणजे त्याच्यासह पुष्कळसे आयुष्य सुखाने काढता येते. न ओळखता मात्र तो पुढल्या पिढीच्या हाती जातो.